जुन्या मोटारीचा मागला आस

जुन्या मोटारींची मिरवणूक निघाली म्हणजे रस्त्याच्या दुतर्फा उभे राहणारे लोक काय पाहतात? पितळी दिवे पाहतात, तारांच्या आऱ्यांची चाके पाहतात, रबरी फुग्याचा भोंगा वाजला की मुले टाळ्या पिटतात. बेंगळुरूसारख्या शहरात जुन्या मोटारींचे शौकीन पुष्कळ, त्यामुळे असे देखावे येथे वरचेवर घडतात. कोल्हापूरला दसऱ्याच्या दिवशी छत्रपतींच्या घराण्याची मेबॅक मोटार बाहेर पडते, तेव्हाही लोकांची दृष्टी तिच्या नाकाडावर आणि अंगावरच्या तकाकीवर खिळलेली असते. गाडीच्या मागच्या बाजूस जाऊन, गुडघे टेकून, खाली वाकून पाहणारा मनुष्य विरळाच. मोटारीच्या खरेखोटेपणाचा आणि तिच्यात बसणाऱ्यांच्या सुरक्षिततेचा निवाडा मात्र पुष्कळ अंशी तेथेच व्हावयाचा असतो. त्या अंधाऱ्या, तेलकट जागी असलेल्या अवयवाविषयी आज चार शब्द सांगावयाचे आहेत. तो अवयव म्हणजे मागला आस. जुना आस काढून त्या जागी अलीकडच्या मोटारीचा आस बसविण्याची जी रीत आपल्याकडे रूढ आहे, ती कितपत योग्य, हा आजचा प्रश्न.

बैलगाडीचा आस आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. तो स्वतः फिरत नाही. चाक त्याच्याभोवती फिरते आणि दोहोंच्या मध्ये वंगण घातले की भागते. ओढणारे बैल पुढे असल्यामुळे ओझे पेलण्यापलीकडे त्याला दुसरे काम नाही. मोटारीच्या मागल्या आसावर मात्र एकाच वेळी चार कामे येऊन पडतात. तो ओझे पेलतो. इंजिनाची फिरकी काटकोनात वळवून चाकांकडे पोहोचवितो. चाकांनी जमिनीला दिलेला रेटा गाडीच्या सांगाड्याला देऊन तिला पुढे ढकलतो. आणि ब्रेक लावला म्हणजे थांबविण्याचा सगळा पीळही सोसतो. बाहेरून पाहिले तर तो एक पोलादी नळा दिसतो, मध्यभागी घुमटासारखा फुगलेला. त्या घुमटात एक लहान दंतचक्र एका मोठ्या दंतचक्राला फिरवीत असते. लहान तो पिनियन, मोठा तो क्राउन. वळणावर बाहेरचे चाक आतल्या चाकापेक्षा अधिक अंतर चालते. त्या दोघांचा तंटा होऊ नये म्हणून मध्ये डिफरन्शियल नावाची दातांची जुळणी असते. पेकर नावाच्या फ्रेंच कारागिराने १८२० च्या दशकात, मोटार जन्माला येण्यापूर्वी दोन पिढ्या, वाफेच्या गाडीसाठी ती योजून ठेवली होती. आपले मिस्त्री लोक बाहेरच्या कवचाला ‘हौसिंग’ म्हणतात आणि ‘एक्सल’ हा शब्द आतल्या फिरत्या दांड्यासाठी राखून ठेवतात. मी ‘आस’ म्हणेन तेव्हा हे सगळे मिळून समजावे.

आता हा आस बदलण्याची बुद्धी मालकाला का होते? पुष्कळदा नाइलाज म्हणून. क्राउन-पिनियनचे दात झिजून गाडी रडू लागते, नव्वद वर्षांपूर्वीचा सुटा भाग बाजारात मिळत नाही, आणि जयचामराजेंद्र रस्त्यावरच्या सुट्या भागांच्या दुकानांतून अॅम्बॅसेडरची किंवा जीपची सामग्री समोर दिसते. दुसरे कारण रस्त्यांचे. बेंगळुरू ते म्हैसूर हा नवा रुंद रस्ता मार्च २०२३ मध्ये वाहतुकीला रीतसर खुला झाला. त्यावरून ताशी पन्नासच्या गतीने जाणारी जुनी मोटार ही स्वतःला आणि मागून येणाऱ्यांना संकटच वाटते. तेव्हा तिला थोडा वेग मिळावा, अशी इच्छा होणे स्वाभाविक आहे. तिसरे कारण ब्रेकचे. त्याचा विचार पुढे करू.

येथे ‘नवा आस’ या शब्दांतली थोडी गंमतही पाहून ठेवण्यासारखी आहे. आजच्या बहुतेक लहान मोटारींची पुढची चाके गाडी ओढतात. त्यांच्या मागल्या आसात ना क्राउन, ना पिनियन. जुन्या गाडीला तो निरुपयोगी. म्हणून ‘नवा’ म्हणून जो आस आणावयाचा तो २०१४ साली बंद पडलेल्या अॅम्बॅसेडरचा, नाही तर २००० साली बंद पडलेल्या प्रीमियर पद्मिनीचा. पद्मिनीची आई, म्हणजे १९६४ ची फियाट डिलाइट, आज स्वतःच जुन्या मोटारींच्या पंक्तीत बसण्याच्या वयाची झाली आहे!

वेगाचे गणित प्रथम पाहू, कारण तेथेच पुष्कळांचा भ्रम होतो. एखादी जुनी विलायती गाडी घ्या. तिच्या आसाचे प्रमाण ४.८ ला १ आहे असे धरू. म्हणजे वरच्या गिअरमध्ये इंजिनाचा मुख्य दांडा ४.८ वेळा फिरावा तेव्हा चाक एकदा फिरते. इंजिन मिनिटाला २,४०० फेरे घेत असेल तर चाक ५०० फेरे घेईल. चाकाचा परीघ २.२ मीटर असेल तर गाडी मिनिटाला १,१०० मीटर, म्हणजे ताशी ६६ किलोमीटर जाईल. त्या जागी ४ ला १ प्रमाणाचा आस बसविला तर त्याच इंजिनाच्या त्याच फेऱ्यांत ती ताशी ७९ किलोमीटर जाईल. कागदावर हा लाभ फार मोहक दिसतो. परंतु ज्या गाडीचा आस आणला तिची चाके लहान असतात, आणि नव्या आसावर जुनी चाके बसत नाहीत म्हणून आसाबरोबर चाकेही येतात. परीघ १.९ मीटरवर उतरला की वेग ताशी ६८ किलोमीटर भरतो. एवढा खटाटोप करून पदरात पडले ते ताशी २ किलोमीटर, आणि त्यासाठी गाडीचे मूळचे डौलदार उंच चाक गेले ते गेलेच. जीपचा आस बळकट म्हणून काहींना प्रिय असतो. पण आपल्याकडे पुष्कळ वर्षे बनत राहिलेल्या सीजे थ्री-बी जातीच्या जीपच्या आसाचे प्रमाण ५.३८ ला १ असे होते. तो या गाडीला मूळच्या मोठ्या चाकांसह बसविता आला तरी वेग ६६ वरून ५९ वर येतो. शिवाय जीपच्या मागल्या आसाचा घुमट मध्यभागी नसून एका बाजूला सरकलेला असतो, कारण तिच्यातील चारही चाकांना शक्ती वाटणाऱ्या पेटीचे तोंडच त्या बाजूला आहे. मोटारीचा गिअरबॉक्स मध्यावर. तेव्हा जोडदांडा तिरपा धावतो आणि त्याच्या दोन्ही टोकांचे सांधे अकाली झिजतात.

बेंगळुरूपुरती आणखी एक गोष्ट या हिशेबात धरावी लागते. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. येथील हवा मुंबईच्या हवेपेक्षा विरळ, आणि इंजिनाला हवा जितकी कमी तितकी शक्तीही कमी. हा तोटा साधारण ९ टक्क्यांचा. आता ४.८ चा आस काढून ४ चा बसविला आणि चाके मूळचीच ठेवली, तर चाकाला मिळणारा ओढ एक-षष्ठांशाने घटतो. दोन्ही मिळून मूळ रचनाकाराने जी ओढ योजली होती तिच्यातील जवळजवळ पाव हिस्सा नाहीसा होतो. सपाट रस्त्यावर ते जाणवणार नाही. पण रविवारी सकाळी नंदीदुर्गाची वाट धरली, की जेथे गाडी पूर्वी वरच्या गिअरमध्ये गुणगुणत चढत असे तेथे तिला खालच्या गिअरमध्ये धापा टाकाव्या लागतात. जुन्या रचनाकारांना वेग नको होता असे नाही. थोड्या शक्तीच्या इंजिनाकडून चढ चढवून घ्यावयाचा होता, म्हणून त्यांनी ते प्रमाण निवडले होते.

वेगाहून मोठी अडचण रचनेची. १९२७ च्या अखेरीपासून १९३१ पर्यंत निघालेली फोर्डची ‘ए’ मोटार उदाहरणादाखल घेऊ. ही गाडी आपल्या देशात मुबलक आली. तिचा जोडदांडा एका जाड नळीत बंदिस्त असतो. ती नळी मागे आसाच्या घुमटाला घट्ट जोडलेली आणि पुढे गिअरबॉक्सच्या मागे एका मोठ्या गोलकात टेकलेली असते. चाकांचा रेटा या नळीतून गाडीला पोहोचतो, आणि आसाचा पीळही हीच नळी सोसते. मागे कमानीचा पाटा एकच, तोही आडवा. त्याला केवळ ओझे पेलावयाचे असते. फोर्डने ही रचना १९४८ पर्यंत सोडली नाही. अॅम्बॅसेडर किंवा पद्मिनी यांची रचना मुळातच निराळी. त्यांचा जोडदांडा उघडा, आणि उभे पाटे दोन. रेटा आणि पीळ दोन्ही त्या पाट्यांनीच सोसावयाचे. आता अशा आसाला फोर्डच्या पोटाखाली आणला तर त्याला उभे पाटे द्यावे लागतात, पाट्यांना टेकू द्यावे लागतात, टेकूंसाठी सांगाड्याला भोके पाडावी लागतात, आडव्या पट्ट्या कापाव्या लागतात. पुढे गिअरबॉक्सचे मागले तोंडही बदलावे लागते. एक आस बदलावयास गेलेला मनुष्य अशा रीतीने अर्धी मोटार बदलून बसतो. रुंदीचाही मेळ बसत नाही. फोर्ड ‘ए’ च्या दोन चाकांमधील अंतर ५६ इंच, म्हणजे १.४२ मीटर, पद्मिनीचे सव्वा मीटरच्याही आत. परिणामी मागली चाके मडगार्डांच्या आत दोन्ही बाजूंनी दहा-दहा सेंटिमीटर दडून बसतात, आणि घेरदार पाठीची ती भारदस्त गाडी मागून पाहिली असता अंग चोरून उभी राहिलेली दिसते. ही तूट भरून काढण्यासाठी चाक आणि तुंबा यांच्यामध्ये जाड चकत्या घालण्याची युक्ती काही ठिकाणी करतात. तिने रुंदी साधते, पण ओझे बेअरिंगापासून दूर गेल्यामुळे त्याच्यावर नसता ताण पडतो.

इतके असूनही आस बदलणाऱ्याची एक बाजू खरी आहे, आणि ती मला गंभीरपणे घेण्यासारखी वाटते. पुष्कळ जुन्या गाड्यांत चाक थेट आतल्या दांड्याच्या टोकावर बसविलेले असते. टोक निमुळते, त्याला चावीसाठी एक खाच, आणि वर नट. हा दांडा चाक फिरवितो आणि गाडीचे ओझेही पेलतो. प्रत्येक फेऱ्याला तो अत्यल्प वाकतो आणि पुन्हा सरळ होतो. नव्वद वर्षांत असे कोट्यवधी फेरे झाले, की खाचेच्या कोपऱ्यात केसासारखी चीर पडते. ती डोळ्यांना दिसत नाही. एके दिवशी दांडा तुटतो आणि चाक ब्रेकच्या ड्रमसकट गाडीला सोडून पुढे निघून जाते. मालमोटारींच्या मागल्या आसात तसे होत नाही. तेथे चाक कवचाच्या बाहेर बसविलेल्या बेअरिंगांवर फिरते, दांड्याकडे केवळ फिरविण्याचे काम असते. तो तुटला तर गाडी जागच्या जागी थांबेल, चाक निखळणार नाही. फोर्ड ‘ए’ ची व्यवस्था या दोहोंच्या मधली आहे: ओझे कवचावर, पण चाक सरळ उभे ठेवण्याचे काम दांड्याकडेच. त्याआधीच्या फोर्ड ‘टी’ ची गोष्ट अधिक भयंकर. तिचा पायाचा ब्रेक चाकांवर नसून गिअरच्या पेटीत आहे. तिच्या आसात रेटा सोसण्यासाठी मऊ मिश्रधातूच्या चकत्या घातलेल्या असत. त्या जुनाट होऊन फुटल्या आणि दात एकमेकांपासून सुटले, म्हणजे इंजिन आणि ब्रेक या दोहोंचाही चाकांशी संबंध एकाच क्षणी तुटतो. घाटाच्या उतारावर याचा अर्थ काय, हे सांगावयास नको. तेव्हा जुने तेवढे पवित्र म्हणून त्याला हात लावू नये, असे म्हणणाऱ्यांच्या पंक्तीला मी बसणार नाही.

मात्र रोग आणि औषध यांचा मेळ पाहिला पाहिजे. दांड्याला चीर असेल तर बदलावयाचा तो दांडा. लोहचुंबकाच्या साहाय्याने अदृश्य चिरा शोधून काढण्याची पद्धत आज विमानापासून रेल्वेपर्यंत सर्वत्र रूढ आहे. दांडा बाहेर काढून, पुसून, तपासून घेण्याचा खर्च नव्या आसाच्या मानाने क्षुल्लक. तपासणीत तो नापास झाला तर त्याच मापाचा, अधिक चांगल्या मिश्र पोलादाचा नवा दांडा करून घ्यावा. ‘टी’ च्या मऊ चकत्यांच्या जागी पितळेच्या जातीच्या काशाच्या चकत्या घालतात, आणि कवच तेच राहते. वेगच वाढवावयाचा असेल तर कवच न बदलता आतले क्राउन-पिनियन बदलता येतात. फोर्ड ‘ए’ चे मूळ प्रमाण ३.७८ ला १. तिच्या जुन्याच कवचात बसणारी ३.५४ ची जोडी अमेरिकेत नव्याने तयार होते. बाहेरून पाहणाऱ्याला काही कळत नाही, आणि इच्छा झाली की जुनी जोडी परत घालता येते. एक पथ्य मात्र पाळावे. क्राउन आणि पिनियन ही लग्नाची जोडी आहे. दोघांचे दात एकमेकांवर घासून बसविलेले असतात. एकाचा क्राउन आणि दुसऱ्याचा पिनियन आणून संसार मांडला तर तो रडतो, आणि लवकरच मोडतो.

अशी कामे करणारे हात बेंगळुरूत आहेत, आणि ते अकस्मात आलेले नाहीत. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर सरकारच्या साहाय्याने डिसेंबर १९४० मध्ये त्या वेळच्या बंगलोरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट हा विमानांचा कारखाना उभारला. १९५३ मध्ये येथेच हिंदुस्थान मशीन टूल्स निघाली. या कारखान्यांतून बाहेर पडलेल्या कारागिरांनी आणि त्यांच्या शागिर्दांनी पुढे पीण्यासारख्या वसाहतींत लहानमोठ्या यंत्रशाळा भरून टाकल्या. दात कापणे, पोलादाला पाणी देणे, घासून शतांश मिलिमीटरचे माप साधणे ही येथे रोजची कामे झाली. योगायोग असा की, याच वालचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली, आणि मुंबईत कुर्ल्याला तिच्या कारखान्यातून पद्मिनी बाहेर पडली. भारतात मोटारींचा कारखाना निघावा म्हणून सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १९३० च्या दशकात जी खटपट केली, तीतही वालचंद त्यांच्याबरोबर होते. सहज उपलब्ध म्हणून पद्मिनीचा आस उचलून बसविणे आणि जुन्या आसाचा मोडका भाग नव्याने घडविणे, हे दोन्ही मार्ग अशा रीतीने एकाच माणसाच्या उद्योगातून आपल्यापर्यंत आले आहेत. माझे मत दुसऱ्या मार्गाच्या बाजूला झुकते.

ब्रेकविषयी सांगितले पाहिजे ते थोडक्यात. आधुनिक आस आणला की त्याच्याबरोबर तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक येतात, आणि मालकाला वाटते की गाडी आता सुरक्षित झाली. परंतु ब्रेक लावताच गाडीचे ओझे पुढच्या चाकांवर झुकते आणि मागली चाके हलकी होतात. पुढे जुनेच दुबळे ब्रेक आणि मागे जोरकस नवे, अशी स्थिती असेल तर मागली चाके आधी जखडतात, आणि पावसाळी रस्त्यावर गाडीची शेपूट पुढे येऊ पाहते. ब्रेक सुधारावयाचे असतील तर चारही चाकांचा विचार एकत्र झाला पाहिजे. तेलाविषयीही सूचना करून ठेवतो. अलीकडच्या आसात पिनियन क्राउनच्या मध्याच्या खाली बसतो. ही हायपॉइड पद्धत पॅकार्ड कंपनीने १९२६ च्या सुमारास मोटारीत आणली. तिचे दात एकमेकांवर घसरतात, म्हणून त्यांना गंधकयुक्त तीव्र तेल लागते. ते तेल उरले म्हणून जुन्या गिअरबॉक्समध्ये ओतू नये. तेथील पितळी आणि काशाच्या भागांना ते खाऊन टाकू शकते.

आता कायद्याकडे वळतो. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ अन्वये, नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा हाच अर्थ ठामपणे सांगितला. त्यानंतर जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या मोटारींसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक जुनी, मूळ स्वरूपात राखलेली, आणि सांगाडा, कवच अथवा इंजिन यांत बदल करण्यासारखी मोठी उलथापालथ न झालेली गाडी ती ‘व्हिंटेज’. तिला ‘व्हीए’ ही अक्षरे असलेला क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे. प्रदर्शन, संशोधन, मिरवणूक आणि तेलपाणी किंवा दुरुस्ती यांसाठी ती रस्त्यावर आणावी, रोजच्या वापरासाठी नव्हे. नियमांची भाषा वाचण्याची ज्याला सवय आहे त्याच्या ध्यानात येईल की या व्याख्येत आसाचा नामनिर्देश नाही. म्हणून आस बदलण्यास मोकळीक आहे, असे अनुमान कोणी काढील. ते घाईचे होईल. आस बसविण्यासाठी सांगाडा कापला, तर तो नियमाच्या शब्दांतच सापडतो. आणि सांगाड्याला धक्का न लावताही ‘मूळ स्वरूप’ या दोन शब्दांना उत्तर द्यावे लागतेच.

जगभरच्या जुन्या वाहनांच्या संस्थांचा महासंघ १९६६ पासून काम करीत आहे. त्याने २०१३ च्या आरंभी जी ट्यूरिनची सनद पक्की केली, तिचा रोख मला व्यवहारी वाटतो. गाडी वापरात ठेवण्यासाठी बदल करावे लागतात हे ती नाकारीत नाही. बदल थोडा असावा, उलटविता येण्याजोगा असावा, त्याची नोंद राहावी, आणि काढलेले महत्त्वाचे भाग गाडीबरोबरच जतन करावे, एवढी तिची अपेक्षा. ही कसोटी आसाला लावली की पुष्कळ गोंधळ निवळतो. कवचातली दंतचक्रे बदलली, तर ती कसोटीला उतरते. मूळच्याच पाट्यांवर, मूळच्याच भोकांत बोल्ट घालून दुसरा आस बसला, आणि तो उद्या तसाच उतरविता आला, तर तोही एक वेळ चालेल. गॅसच्या ज्योतीने सांगाड्याचा तुकडा कापून टाकला की मात्र परतीचा रस्ता संपला.

सर्व उपाय थकून आस बदलावाच लागला, तर जुना आस भंगारवाल्याला देऊ नये. शिवाजीनगरच्या गुजरीत वजनावर गेलेला आस पुन्हा हाती लागत नाही. त्यातले जुने तेल काढावे, आतून-बाहेरून घासलेटने धुवावा, दातांना आणि बेअरिंगांना जाड वंगण चोपडावे, उघडी तोंडे लाकडी बुचांनी बंद करावी, आणि तो जमिनीला टेकणार नाही असा दोन ओंडक्यांवर आडवा ठेवावा. गाडीचा सांगाडा-क्रमांक आणि आस काढल्याची तारीख पत्र्यावर ठोकून ती पट्टी तारेने त्याला बांधावी. गाडीच्या कागदपत्रांच्या पाकिटातही एक कागद घालावा: कोणता आस काढला, का काढला, त्या जागी कोणत्या गाडीचा घातला, त्याचे प्रमाण काय, कोणत्या जागी किती भोके नवी पाडली. पुढचा मालक कोण असेल हे आपणांस ठाऊक नसते. तो कागद त्याच्यासाठी आहे, आणि गाडीखाली निजून वर पाहणाऱ्या त्याच्या मिस्त्रीसाठी.